डोळ्यात पाणी आणलं की उत्तर झालं का?

मा. संपादक साहेब, नमस्कार

निवडणुकीत उमेदवार समोरासमोर येतात तेव्हा एक जण हमखास गळा दाटून बोलतो, मी पण शेतकऱ्याचाच पोरगा, तुमचं दुःख माझं दुःख वगैरे, आणि समोरचा एकतर गप्प बसतो नाहीतर नाटक करू नका म्हणून ओरडतो. माझ्या मते दोन्ही चूक. नाटक म्हटलं की सभेत बसलेल्या ज्या बाईचा नवरा खरंच गेला तिलाच ते लागते. त्यापेक्षा शांतपणे विचारावं की भाऊ, दुःख कळलं ना तर मग आत्महत्याग्रस्त कुटुंबाची 1 लाखाची मदत 2006 पासून तेवढीच का, ती वाढवाले तुम्ही काय केलं, कर्ज बिनपरवाना सावकाराचं असलं की केस अपात्र का होते, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं तेव्हा तुम्ही काय बोलले? पराटी (कपाशी) फुटाच्या आधीच भाव पडाची भीती होती आमच्याकडे.

आणि हे विचारणाऱ्यानं आधी स्वतःचं सांगावं, मी अमुक केलं, अमुक जमलं नाही. आमच्या घरी 2017 ला बोंडअळीनं वावर गेलं तेव्हा भेटाले लय आले, फोटो काढले, पण पंचनाम्याचा कागद पुढं सरकवाले परत एकच जण आला, तो जास्त बोललाही नव्हता. त्यालेच आम्ही अजून मानतो.

एक कापूस उत्पादक शेतकरी, जि. यवतमाळ