चिऊस, हॉस्टेलच्या पत्त्यावर

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

काल तुला पुण्याला सोडून ठाण्याला उतरलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. आई मेथी निवडत बसली होती. मेथी तुझ्याशिवाय खातं कोण? तो मुलगा अजून फोन करतो का, हे विचारायचं नाही असं तिने मला बजावलंय. मी विचारत नाहीये.

अकरावीत तुझ्या खोलीतला दिवा रात्री दोनपर्यंत जळायचा. मला वाटायचं, पोरगी अभ्यास करतेय. दहा मिनिटांत उत्तर दिलं नाहीस तर तो जिवाचं बरंवाईट करीन म्हणायचा आणि सकाळी माफी मागायचा, हे फार उशिरा कळलं. तोवर कथक सुटलं होतं, सानिका घरी येईनाशी झाली होती, डबा भरलेलाच परत यायचा. धाक आणि लाड आलटून पालटून मिळाले की पोर स्वतःलाच दोषी धरते, झोप-भूक जाते, असं समुपदेशक मॅडम म्हणाल्या. चूक तुझी नव्हती. हे मी शंभरदा सांगेन.

तुला मॅडमकडे न्यायला मी चार महिने लावले. आमच्या लहानपणी कोणी जरा वेगळं वागलं की ‘ठाण्याला पाठवा’ म्हणायचे. मनोरुग्णालय इथे १९०१ पासूनचं, त्यामुळे आम्ही ठाणेकर ते ऐकतच वाढलो. तो शब्द तुला चिकटेल म्हणून भ्यालो. आणि तेवढ्यात केलं काय, तर तुझा फोन हिसकावला, पासवर्ड मागितला. ‘बाबा, तोही हेच मागतो,’ असं तू म्हणालीस ते अजून कानात आहे.

त्याचा नंबर ब्लॉक आहे ना? नव्या नंबरवरून आला तर उचलू नकोस, पण मेसेज पुसूही नकोस. मुलीने नको म्हटल्यावर फोनवरून मागे लागणं हासुद्धा गुन्हाच आहे. रात्री जीव घाबरला आणि आम्हाला सांगवेना, तर १४४१६ लाव. टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि जेवण वेळेवर, आणि एकटी... बघ, पुन्हा सुरू झालो. माफ कर.

गडकरी रंगायतनला कथक करताना तुझ्या एका पायाचे घुंगरू सुटले होते, आठवतं? सातवीत होतीस. पायाने ते बाजूला सारलंस आणि उरलेला तोडा एकाच पायाच्या घुंगरांवर पुरा केलास, समेवर चुकली नाहीस. माझ्या शेजारचे गृहस्थ उठून उभे राहिले. मला उठताच आलं नाही, डोळे भरले होते. ते घुंगरू आईने तुझ्या बॅगेत तळाशी ठेवलेत. तिने सांगितलं नव्हतं, मी सांगतोय. नाचच असं नाही, नुसते असू देत जवळ.

तुझं लोकेशन माझ्या फोनवर अजून दिसतं. तू मागे बंद करायला सांगितलं होतंस, मी हो म्हणून ठेवून दिलं. आज रात्री काढून टाकतो. काल तीन वेळा बघितलं, तू हॉस्टेलवरच होतीस.

तुझा,
बाबा