रोगप्रतिकारक, पण कोणत्या रोगाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला अधिक उत्पादन देणाऱ्या, रोगप्रतिकारक मक्याच्या वाणांवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, मधला एखादा परिच्छेद छापायचा राहिला असावा. 'रोगप्रतिकारक' हा शब्द सात वेळा आलाय (मोजला), पण कोणत्या रोगाला, ते एकदाही नाही. वर लष्करी अळीही त्याच शब्दाखाली घातली आहे. अळी म्हणजे कीड, रोग नव्हे, हे 2018 नंतर आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही कळतं. अळी मारायला मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गाभ्यात, माती टाकायला तीच पोरं तर होती.

चार वर्षांपूर्वी अशाच 'रोगप्रतिकारक' वाणाच्या चार-चार किलोच्या पाच पिशव्या मी आणल्या. करप्याला त्यानं खरंच दाद दिली नाही. शेजाऱ्याची पानं वाळली, माझी हिरवीगार. येणाऱ्या-जाणाऱ्याला बांधावर नेऊन दाखवत होतो. मग ऐन दाणे भरताना पावसानं ओढ दिली आणि ताटं बुंध्यातून बसायला लागली. बुंधा उभा चिरला तर आत काळं आणि पोकळ. खोडकूज. करप्यापुढे टिकणारा वाण खोडकुजीपुढे टिकेलच असं नाही, हे मला ना दुकानदारानं सांगितलं, ना पिशवीनं. तक्रार केली. पाहणीला माणसं आली ती मका काढून झाल्यावर, आणि पहिला प्रश्न, "टॅग आणि पिशवी कुठंय?" पिशवी होती, विहिरीवरच्या स्टार्टरला पावसाची टोपी म्हणून बांधलेली. टॅग कुठे गेला देव जाणे. प्रकरण तिथंच मिटलं.

लेखक महाशय सुचवतात की अख्ख्या गावानं एकच सरस वाण लावावा. उत्तम! हा प्रयोग अमेरिकेनं आधीच करून ठेवलाय. संकरित बीजोत्पादनात मादी ओळींचे पराग देणारे तुरे हातानं उपटायची मजुरी वाचावी म्हणून तिथं 'टेक्सास' नावाचा नर-वंध्य प्रकार वापरात आला. तुरा येई, पण पराग वांझ. बघता बघता बहुतेक संकरित मक्यात तोच वंश शिरला. 1970 साली करप्याच्या बुरशीची नवी जात नेमकी त्याच्यावरच उठली आणि देशाचा सुमारे 15 टक्के मका गेला. तोवर तोही भरघोस उत्पादनाचाच होता.

संकरित बियाण्याशी माझं भांडण नाही. संकरित मक्याचं घरचं बी पुन्हा पेरायचा शहाणपणा मी करून बसलोय: कुठे उंच ताट, कुठे बुटकं, कणसं बोटाएवढी. आफ्रिकन टॉल हा वाण संकरित नव्हे, त्याचं बी घरचं चालतं, पण तो वैरणीचा मका. म्हशी खूश, कर्ज देणारी सोसायटी नाही.

आता लिहायलाच बसलोय तर आणखी एक. एकरी उत्पादनाचा आकडा ठळक छापता, तर वाण किती दिवसांचा तेही त्याखाली छापत जा. उशिराचा मका ओला निघतो आणि हमीभावाच्या केंद्रावर 14 टक्क्यांवर ओल चालत नाही. मग गाडी व्यापाऱ्याच्या दारात. तो दाणा दाताखाली धरतो, "ओल आहे" म्हणतो आणि मनाला येईल तेवढं कापतो. त्याच्या दातांची तपासणी कोणतं खातं करतं, यावर एखादा लेख आला तर तोही दोनदा वाचीन.

आणि हो, लेखासोबतचा फोटो ज्वारीचा आहे.

आपला,
एक मका उत्पादक, ता. सिल्लोड