येऊरला खासगी गाड्या पायथ्याशीच थांबवा

संपादक महोदय,
स. न.

पावसाळा तोंडावर आला आहे. पहिल्या जोरदार सरीनंतर दर शनिवार-रविवारी ठाण्यातल्या उपवनपासून येऊरच्या जंगलाच्या गेटपर्यंत फिरायला येणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागेल. आम्हा पायथ्याच्या रहिवाशांना हे पाठ आहे. त्याआधीच एक सूचना मांडावी म्हणून हे पत्र.

मे महिन्यात मुलगी आणि जावयाबरोबर जपानला जाऊन आले. सहल लहानशीच होती, थोडी देवळं आणि थोडे डोंगर. त्यात कामिकोची नावाचं एक खोरं पाहिलं आणि पाहताना सारखं येऊर आठवत राहिलं. समुद्रसपाटीपासून साधारण 1500 मीटर उंचीवर आझुसा नदी वाहते आणि तिच्या डोक्यावर 3190 मीटरचं ओकुहोताका शिखर आहे. मे महिन्यातही त्याच्या घळींमध्ये बर्फ होता. 1915 मध्ये शेजारच्या याकेदाके ज्वालामुखीचा उद्रेक झाला, चिखलाच्या लोंढ्याने नदी अडली आणि तैशो तलाव तयार झाला. बुडालेल्या झाडांचे वाळके बुंधे अजून पाण्यात उभे आहेत. मी शाळेत भूगोल शिकवत होते. फळ्यावर खडूने जे काढायचे ते तिथे प्रत्यक्ष समोर होतं, तेव्हा मला तिथून हलवायला जावयाला बरीच विनवणी करावी लागली.

या खोऱ्यात 1975 पासून खासगी गाड्यांवर निर्बंध आहेत. एका बाजूने सावांदो आणि दुसऱ्या बाजूने हिरायु इथे गाडी लावायची आणि पुढे बसने किंवा टॅक्सीने जायचं. रात्री वाटेवरच्या बोगद्याचं फाटक बंद होतं. आत कचरापेट्या नाहीत, आपला कचरा आपल्याच पिशवीत घालून परत न्यायचा. स्वच्छतागृहाबाहेर शंभर येनचं नाणं टाकायला डबा असतो आणि लोक टाकतात. काप्पा पुलापासून तासभर चालत गेलं की म्योजिन तळं लागतं. तिथे होताका देवस्थानाचं आतलं स्थान आहे. काठावर छोटंसं देऊळ, पाण्यात बदकं, आणि हॉर्न मुळीच नाही. तिथे हात जोडले तेव्हा डोळे भरून आले, हे लिहायला संकोच वाटत नाही.

कोयासान या दुसऱ्या डोंगरावरही असंच वाटलं. साधू कूकाई यांना 816 मध्ये हा डोंगर मिळाला, तेव्हापासून तिथे मठ आहेत. वर जायला आगगाडी आणि मग केबलकार. आम्ही मठातच उतरलो होतो. जेवणात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही, त्यामुळे माझी चंगळ झाली. पहाटे प्रार्थनेला बसलो. ओकुनोइन या तिथल्या दफनभूमीच्या दोन किलोमीटरच्या वाटेवर उंचच उंच सुरूसारख्या वृक्षांखाली दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत. शेवटच्या पुलापलीकडे फोटो काढायचे नाहीत, खायचं-प्यायचं नाही. सगळे पाळतात. एके काळी या डोंगरावर बायकांना प्रवेश नव्हता, आमच्यासारख्यांना वेशीवरच्या न्योनिन्दो मंदिरातूनच परतावं लागे. 1872 मध्ये सरकारने देशभरातली अशी बंदी उठवली. पवित्र जागेचे नियम बदलता येतात आणि नवे करताही येतात, हे तिथे उभं राहून जास्त पटलं.

‘आपल्याकडे लोक ऐकणार नाहीत’ हे उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय. मग माथेरानचं काय? तिथे खासगी गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. ठाण्यातली माणसं पिढ्यानपिढ्या पुढे चालत, घोड्यावर किंवा छोट्या आगगाडीने जात आली आहेत. कोणी तक्रार करत नाही, उलट मुलांना कौतुकाने सांगतात. येऊर तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबटे आहेत, आणि पाटोणपाडा, जांभूळपाडा, रोणाचा पाडा इथले आदिवासी तिथे आपल्याही आधीपासून राहतात. रात्री मोठ्याने गाणी लावून गाड्या वर जातात, त्याचा त्रास आधी त्यांना होतो.

धंदा बुडेल, अशी काळजी तिथल्या जेवणघरवाल्यांना वाटेल आणि ती रास्त आहे. पण कामिकोचीत हॉटेलं आहेत, दुकानं आहेत, आणि बसने उतरलेली माणसं तिथे जेवतात, वस्तू विकत घेतात.

माझी मागणी एवढीच: निदान जून ते सप्टेंबर शनिवार-रविवारी बाहेरच्यांच्या गाड्या पायथ्याशी थांबवाव्यात, वर जायला ठाणे परिवहनच्या छोट्या बस जास्त फेऱ्यांनी सोडाव्यात आणि शेवटच्या बसची वेळ गेटवर ठळक मराठीत लिहावी. पाड्यांवरच्या रहिवाशांना, शाळेच्या गाड्यांना आणि रुग्णवाहिकांना मोकळी वाट असावी. नियम ठरवताना पाड्यांवरच्या बायकांना आधी विचारावं. आमचा सकाळी उपवनला चालायला जाणाऱ्यांचा गट आहे. वन विभाग आणि महानगरपालिकेने हे सुरू केलं, तर पहिल्या पावसाळ्यात आम्ही पाळीपाळीने गेटवर उभे राहून लोकांना बस कुठून सुटते ते सांगू.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
वर्तकनगर, ठाणे (प.)