श्रीलंकेची तळी बसच्या काचेतूनच का पाहायची?

मा. संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील श्रीलंकेच्या सहलीवरील लेख वाचला. त्यात सिगिरिया, अनुराधपूर, कँडीचे दंतमंदिर हे सारे ‘संस्कृती’च्या चौकटीत आणि हत्ती, जंगल, चहाचे मळे ‘निसर्गा’च्या चौकटीत अशी वाटणी केली आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला आणि गेल्या वर्षी ठाण्याहूनच निघालेल्या एका गटाबरोबर तो देश पाहून आलेला वाचक म्हणून मला ही वाटणी पटली नाही, कारण त्या देशाच्या उत्तर-मध्य भागातील कोरड्या पट्ट्यात हत्तींचा कळप जिथे पाण्यावर येतो, ती जागा बहुधा कुणा राजाने बांधलेले तळेच असते.

मिन्नेरियाचेच पाहा. महासेन राजाने तिसऱ्या शतकात हे तळे बांधले आणि पुढे त्या परिसरातील लोक त्याला देव मानू लागले. या भागात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. आपल्याकडे श्रावणसरी कोसळत असतात तेव्हा तिथे तळ्याचे पाणी ओसरत असते. उघड्या पडलेल्या गाळपेरात कोवळे गवत फुटते आणि त्याच्या ओढीने ऑगस्ट-सप्टेंबरात आसपासच्या जंगलांतून दोनशे-तीनशे हत्ती तिथे जमतात. सतराशे वर्षांपूर्वी कुणी मातीचा भराव घातला नसता, तर ही जत्रा तिथे भरलीच नसती.

या तळ्यांची बांधणी पाहून माझ्यासारख्याची मान लवते. वरच्या तळ्याखालच्या शेतातून निथळलेले पाणी खालच्या तळ्यात, तिथून त्याच्या खालच्या तळ्यात, अशी एकाखाली एक साखळी आहे. मोठ्या तळ्यांत विमोचकाच्या, म्हणजे पाणी बाहेर सोडण्याच्या मोरीच्या, तोंडाशी दगडांनी बांधलेली चौकोनी विहीर असते. तिला सिंहलीत ‘बिसोकोटुव’ म्हणतात. तळ्यातील पाणी आधी या विहिरीत येऊन शांत होते, त्यामुळे बाहेर सोडताना त्याचा जोर भराव फोडत नाही. पोलोन्नरुवा या जुन्या राजधानीच्या पराक्रमबाहू राजाने बाराव्या शतकात ‘पराक्रम समुद्र’ नावाचे तळे तयार केले, त्याचा भराव सुमारे १४ किलोमीटर लांब आहे. पावसाचा थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्यावाचून समुद्रात जाऊ नये, अशी या राजाची आज्ञा असल्याचे तिथल्या बखरीत नोंदले आहे. कधी काळी साठ तळी मिरवणाऱ्या आणि त्यांतली कित्येक भरणी घालून बुजवलेल्या ठाण्याच्या रहिवाशाने यावर अधिक न बोललेले बरे.

हा ‘समुद्र’ आमच्या गटाने कसा पाहिला? “डावीकडे मोठा तलाव आहे, फोटो काढून घ्या,” एवढ्या घोषणेत. बस थांबली नाही. तिथल्या गलविहारातील एकाच खडकात कोरलेल्या बुद्धमूर्ती, त्यांतील महापरिनिर्वाणाची तर सुमारे १४ मीटर लांब, धरून अख्ख्या पोलोन्नरुवाला पन्नास मिनिटे मिळाली. त्याच दिवशी रत्नांच्या दुकानात दोन तास आणि मसाल्यांच्या बागेत सव्वा तास गेला. वेलची आपल्या ठाण्याच्या जांभळी नाक्यावरही मिळते. दुकानांतून कुणाला काय सुटते हे मी सांगायला नको, पण कार्यक्रमपत्रिकेत या थांब्यांचा उल्लेख नव्हता, ही माझी तक्रार आहे.

सिगिरियाला सकाळी लवकर नेले, हे मात्र कबूल केले पाहिजे. पाचव्या शतकात काश्यप राजाने त्या कातळावर राजवाडा बांधला. पायथ्याच्या बागेतील कारंजी पावसाळ्यात आजही उडतात. अजिंठ्याची आठवण करून देणारी चित्रे सगळेच पाहतात. त्यांच्या खालच्या आरसेभिंतीवर आठव्या ते दहाव्या शतकांतील प्रवाशांनी कोरलेल्या कविता वाचायला आम्हाला कुणी थांबू दिले नाही. पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी त्यांतील ६८५ कविता वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केल्या. (आपल्या गडांच्या भिंतींवर बाण मारलेली बदामे कोरणाऱ्यांनी निदान यमक तरी जुळवावे.)

श्रीलंकेशी आपले नाते सांगताना जाहिराती रामायणावरच थांबतात. ‘महावंस’ या पाली ग्रंथात सिंहलींचा आद्य राजा विजय लंकेला पोहोचण्याआधी सुप्पारक बंदरात उतरल्याची कथा आहे, आणि हे सुप्पारक म्हणजे २०१४ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेले सोपारे. तिथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले. त्याच अशोकाची कन्या संघमित्रा हिने नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून वाढलेले झाड अनुराधपुरात आजही उभे आहे. आमच्या गटातील वसईच्या एका काकूंना हे मी रात्री जेवताना सांगितले, तेव्हा दुसऱ्या दिवशी आपल्याला त्या झाडापाशी न्यावे म्हणून त्यांनी व्यवस्थापकाशी चक्क भांडण काढले. कार्यक्रमात अनुराधपूर नव्हतेच.

सहल कंपन्यांना माझी विनंती एवढीच, की प्रत्येक स्थळाचा वेळ तासांत छापावा, दुकानांचे थांबे वेगळे दाखवावेत आणि पराक्रम समुद्राच्या भरावावर एक संध्याकाळ पायी फिरू द्यावे. मे महिन्याच्या सहलीच्या जाहिरातीत मिन्नेरियाच्या हत्तींच्या मेळ्याचे छायाचित्र छापणे थांबवावे. मेळ्याचे दिवस गणपतीच्या आगेमागे येतात, त्या वेळी मराठी माणूस घर सोडणार नाही, ही त्यांची अडचण मला समजते. परंतु विसर्जनानंतर बहुतेक वर्षी सप्टेंबरातच पितृपक्ष येतो, आणि त्या पंधरवड्यात सहलीला निघू नये या समजुतीमुळे यांच्या गाड्या रिकाम्या असतात. ही समजूत न पाळणाऱ्या ज्येष्ठांसाठी तेव्हा एक गट काढल्यास, आगाऊ रक्कम भरणाऱ्यांत आम्ही उभयता पहिले असू.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)