रेकॉर्ड प्लेअरचा ‘ऑटो’ काढून टाकू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माळ्यावरचे जुने रेकॉर्ड प्लेअर खाली काढून पुन्हा सुरू करून घेण्याची हौस अलीकडे आपल्या मराठवाड्यातही दिसू लागली आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र दुरुस्तीहून परत आलेल्या यंत्रात, रेकॉर्ड संपताच आर्म (सुई धरणारा दांडा) उचलून आपोआप जागेवर नेणारी यंत्रणा, जिला दुकानात नुसते ‘ऑटो’ म्हणतात, ती पुष्कळदा निकामी करून ठेवलेली असते. ‘ऑटो गेला, पार्ट मिळत नाहीत, हाताने उचलत जा’, असे आम्हालाही परभणीत सांगण्यात आले.

माझे वडील ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांचे हात थरथरतात. दुपारी गाणी ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागला, की सुई शेवटच्या बंद चरात खरखरत फिरत राही आणि जागे झाल्यावर ती उचलताना रेकॉर्डवर ओरखडा उमटे. अशा माणसाला ‘ऑटो’ ही चैन नसते. तो नसेल तर रेकॉर्ड ऐकणेच बंद पडते, आणि आमच्याकडे तीन-चार महिने ते बंदच होते.

म्हणून मी स्वतः रेकॉर्ड ठेवायची थाळी काढून आत पाहिले. इंग्लंडच्या गॅरार्ड आणि बीएसआर किंवा जर्मनीच्या ड्युअलच्या यंत्रांची रचना तपशिलात वेगळी असली, तरी मूळ युक्ती बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. लाँग प्ले रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते आणि गाणे चालू असताना प्रत्येक फेऱ्याला सुई जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी आत सरकते. आर्मला जोडलेली एक हलकी पट्टी थाळीखालच्या छोट्या खटक्याला तेवढेच पुढे ढकलते आणि थाळीच्या मध्यावरचा उंचवटा दर फेऱ्याला त्या खटक्याला टिचकी मारून मागे सारतो. गाणे संपले की चर एकदम रुंद अंतराने आत वळतो, सुई एकाच फेऱ्यात काही मिलिमीटर सरकते, खटका जास्त पुढे येतो आणि उंचवट्यात अडकतो. त्यासरशी आतले मोठे दातेरी चाक थाळीच्या दात्यांत गुंतते, एक पूर्ण फेरा घेते आणि त्याच्या पाठीवरच्या वळणदार खाचेतून चालणारा लिव्हर आर्म उचलतो, बाहेर नेतो, खाली ठेवतो आणि मोटर बंद करतो.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की खटका अडकेपर्यंतचे सारे काम काही ग्रॅम भाराने टेकलेल्या सुईच्या ढकलण्यावर चालते आणि मोटरचा जोर त्यानंतर मिळतो. त्यामुळे सुई शेवटच्या चरात फिरतच राहत असेल, तर दोष खटक्याकडे असतो. आर्म उचलून मध्येच थांबत असेल आणि थाळी मंदावत असेल, तर दोष थाळी फिरवणाऱ्या सैल झालेल्या बेल्टमध्ये, गुळगुळीत झालेल्या रबरी चाकात किंवा मोठ्या चाकाखालच्या घट्ट ग्रीसमध्ये असतो. एवढा फरक ओळखला, तरी निम्मे काम झाले म्हणावे.

आमच्या यंत्रात काहीही तुटलेले नव्हते. कारखान्यात लावलेले ग्रीस इतक्या वर्षांत वाळून मेणासारखे झाले होते आणि मागे कधीतरी कोणीतरी त्यावर खोबरेल तेल सोडले होते. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठू लागते आणि परभणीचा हिवाळा तर सर्वांना ठाऊक आहे. ‘थंडीत हा अडतो, उन्हाळ्यात चालतो’ हे वडिलांचे जुने गाऱ्हाणे मला तेव्हा कुठे उमगले.

ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी आधी वीजजोड काढावा, आर्म दोऱ्याने जागेवर बांधावा आणि प्रत्येक स्प्रिंग सोडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण स्प्रिंग कोणत्या भोकात होती हे नंतर आठवत नाही. जुने ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापूस काळा येईनासा होईपर्यंत पुसावे. काही यंत्रांत लिव्हरखाली बारीक पोलादी गोळी असते. ती घरंगळून हरवू देऊ नये. मोठ्या चाकाच्या खाचेत पातळ ग्रीसचा हलका हात आणि त्याच्या खुंटीला हलक्या तेलाचा एक थेंब पुरतो. खटका मात्र पूर्ण कोरडा ठेवावा. तिथे तेल दिले की धूळ बसते आणि तो पुन्हा चिकटतो. शेवटी वीज न लावता थाळी हाताने घड्याळाच्या दिशेने फिरवून एक पूर्ण आवर्तन पाहावे. मला या सगळ्याला दोन संध्याकाळी लागल्या.

आर्मपासून खटक्याकडे जाणारी पट्टी दुकानात काढलेली होती. विचारायला गेलो तेव्हा ती सुदैवाने तिथल्याच एका डब्यात सापडली. आठवडाभर उशीर झाला असता, तर ती भंगारात गेली असती आणि तशी पट्टी मला कुठे मिळाली असती, कोण जाणे. दुरुस्ती करणाऱ्यांच्या हातच्या कसबाबद्दल मला आदर आहे आणि या कामाला लागणाऱ्या वेळाचा मोबदला परवडत नाही, ही त्यांची अडचणही खरी आहे. तरी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे, की ‘ऑटो’ सोडवावाच लागला तर काही कापू किंवा वाकवू नये आणि निघालेली प्रत्येक पट्टी, स्प्रिंग व सर्क्लिप (खुंटीवर भाग अडकवून ठेवणारी छोटी कडी) छोट्या पिशवीत घालून ती यंत्राच्या पेटीतच आतून चिकटवून द्यावी. ग्राहकांनीही यंत्र परत घेताना ती पिशवी मागून घ्यावी.

आपला,
एक वाचक, परभणी