करिअप्पांच्या आधीची तीस वर्षे

संपादक महोदय,

दरवर्षी १५ जानेवारीला लष्कर दिनाच्या बातम्यांत एक वाक्य हमखास असते: १९४९ साली याच दिवशी जनरल करिअप्पा यांनी जनरल बुचर यांच्याकडून सरसेनापतिपदाची सूत्रे स्वीकारली. वाक्य खरे आहे. पण ते वाचून स्वातंत्र्य मिळाले आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या जागी भारतीय अधिकारी आपसूक आला, असाच विद्यार्थ्यांचा समज होतो. त्याआधीची तीस वर्षे या बातम्यांतून गळतात, याची मला मनापासून खंत वाटते.

१९१८ पर्यंत भारतीय सैनिकाने कितीही पराक्रम गाजवला तरी त्याची मजल सहसा सुभेदार-मेजरपर्यंतच जाई, आणि तो सुभेदार-मेजरही नुकत्याच दाखल झालेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखालीच असे. त्या वर्षी इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील लष्करी महाविद्यालयात भारतीयांसाठी वर्षाला दहा जागा खुल्या झाल्या. मात्र १९२३ मध्ये भारतीय अधिकाऱ्यांना निवडक आठ पलटणींतच नेमण्याची योजना आली. हे अधिकारी उद्या बढती मिळून वर चढले, तरी कोणा गोऱ्याला त्यांचा हुकूम पाळावा लागू नये, हाच तिचा खरा रोख होता. १९३२ मध्ये डेहराडूनची लष्करी प्रबोधिनी सुरू झाली, पण तिथून बाहेर पडणाऱ्यांना गोऱ्या अधिकाऱ्यांपेक्षा पगार कमी आणि अधिकार फक्त भारतीय सैनिकांवर. भारतीयांच्या अंगी नेतृत्व नाही असे म्हणत राहायचे आणि ते सिद्ध करण्याची जागाच त्यांना द्यायची नाही, असा हा उघड वर्णभेद होता.

त्याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४५ मध्ये, ब्रह्मदेशातील अराकान प्रांतात जपान्यांविरुद्ध झालेल्या कांगावच्या लढाईत मिळाले. तेथे लढलेल्या ५१ व्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर इंग्रज होते, पण तिच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व थिमय्या, सेन आणि एस. पी. पी. थोरात या भारतीयांकडे होते. तिघांनाही 'डीएसओ' (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. यांतील थोरात आमच्या कोल्हापूर जिल्ह्याचे आणि निवृत्तीनंतर कोल्हापुरातच राहिलेले. तरीही आठ पलटणींची ही योजना येथील शाळकरी मुलांच्या कानावरही आलेली नाही. येत्या लष्कर दिनी आपल्या पत्राने संचलनाच्या छायाचित्रांशेजारी या तीस वर्षांना किमान अर्धे पान द्यावे, ही विनंती.

– एक नियमित वाचक, कोल्हापूर