दोन दोऱ्यांचा पतंग माझ्या हाती देणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच कडुनिंबाच्या शेंड्याकडे पाहता आणि "वारा फिरला बघ" म्हणत विषय बदलता. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं. नागपुरात कुणाला पहिला दोन दोऱ्यांचा पतंग घ्यायचा असेल, तर तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही उपयोगी पडावं.

आपल्या शहरात पतंग कुणाला नवा नाही. संक्रांत जवळ आली की जुनी शुक्रवारीतला बाजार पतंगांनी भरून जातो आणि गच्च्यांवर "ओ काट"चा गजर सुरू होतो. माझंही लहानपण त्यातच गेलं, पण माझ्या हाती कायम चक्री. ढील द्यायची भावाने, पेच लावायचा भावाने, आणि पतंग कटला की भराभर दोरा गुंडाळायचा मी. नागपुरातल्या कितीतरी बहिणींचं पतंग उडवणं एवढंच असतं. त्यामुळे रेशीमबागच्या मैदानावर तुमचा तो त्रिकोणी पतंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझे पाय तिथंच थांबले. तो नाक खाली करून थेट जमिनीकडे आला, वीतभर उंचीवर काटकोनात वळला आणि गवताला समांतर सरळ निघून गेला. वर जाताना त्याच्या कापडाचा फर्रर्र आवाज मला इतक्या लांबून ऐकू आला. तुमच्या हातात दोन पट्टे आणि त्यांतून गेलेल्या दोन दोऱ्या, बाकी काही नाही.

"काय पाहून राहिली, बेटा? घे न हातात," असं म्हणालात. ओळख नाही, पाळख नाही, आणि तुमचा स्वतःचा पतंग. काका, आभार मानायला सुरुवात मी तिथूनच करते.

पुढं मी स्वतःचा पतंग घ्यायचं ठरवलं तेव्हा माझी मागणी स्पष्ट होती. वेगवान हवा, आणि बोट हलवलं की वळणारा हवा. दुसरं कुणी असतं तर एखादं नाव सांगून मोकळं झालं असतं. तुम्ही विचारलंत, "उडवशील कुठं? न् किती वाजता?" मी म्हटलं, रेशीमबाग, सुटीच्या दिवशी. मग तुम्ही मला पतंगाबद्दल काही सांगण्याआधी वाऱ्याबद्दल सांगायला लागलात.

आपण समुद्रापासून लांब. किनाऱ्यावर येतो तसा एकसारखा वारा आपल्याकडे येत नाही. हिवाळ्यात सकाळी तर पानही हलत नाही, ऊन चढून जमीन तापली की दहा-अकराच्या सुमारास कुठं झुळूक लागते. उन्हाळ्यात दुपारी वारा असतो, पण झटक्यांचा, धुळीचा. त्यात मैदानाभोवती झाडं आणि इमारती. वारा त्यांच्यावरून उडी मारून आला की खाली भोवरे होतात, आणि अडथळ्याच्या उंचीच्या निदान सात-आठ पट लांब गेल्याशिवाय तो सरळ होत नाही. म्हणून तुम्ही मैदानाच्या एका विशिष्ट कोपऱ्यातच उभे राहता, हे तेव्हा कळलं. वारा मोजायला यंत्र नको हेही तुम्हीच शिकवलंत. चेहऱ्याला वारा लागतो पण नुसती पानंच सळसळतात, म्हणजे ताशी सहा ते अकरा किलोमीटर. बारीक डहाळ्या सतत हलताहेत आणि हलका झेंडा उघडून फडकतो आहे, म्हणजे बारा ते एकोणीस. नवशिक्याने याच दुसऱ्या वाऱ्यात शिकावं. पण रेशीमबागेत बऱ्याचदा पहिलाच मिळतो, हे लक्षात ठेवून पतंग निवडावा.

आणि मग तुम्ही तुमचे तीन पतंग बाहेर काढलेत. कुठलंही दुकान हे करणार नाही.

पहिला छोटा, पसरलेले दोन्ही हात भरणार नाहीत एवढाच. अशा पतंगाला नवशिके भुलतात, कारण वेग पाहायचा तर तोच. पतंग आडवा धावताना प्रत्यक्ष वाऱ्यापेक्षाही जोरात पळू शकतो, आणि छोटा पतंग लहानशा गोलात गर्रकन वळतो. पण त्याला उठायलाच जास्त वारा लागतो, आणि उठला की प्रत्येक चूक दुप्पट वेगाने दाखवतो. त्या दिवशीच्या वाऱ्यात तो दोनदा वर जाऊन खाली बसला. दुसरा मोठा, अडीच मीटरच्या आसपास. तो हलक्या वाऱ्यातही सावकाश तरंगला, वळायला वेळ घेतला, आणि एक झोत आला तेव्हा म्हशीचं दावं धरल्यासारखा मला पुढं ओढत घेऊन गेला. तिसरा पावणेदोन मीटरचा. तो उठला, तो थांबला, मी उजवा हात ओढला आणि तो उजवीकडे वळला. मी काही बोलायच्या आधी तुम्ही म्हणालात, "वेग नंतर वाढवता येते. आधी तो तुझं ऐकते का, ते पाह्य."

हे वाक्य मी नंतर पतंग पाहताना प्रत्येक वेळी आठवलं. खोक्यावर वेगाचा मोठा दावा छापलेला असतो, आणि पतंग किती वाऱ्यात उठतो ते कोपऱ्यात बारीक अक्षरात. मी आधी बारीक अक्षरं वाचायला शिकले. ताशी आठ-दहा किलोमीटरला उठणारा, दीड ते पावणेदोन मीटरचा, दोन दोऱ्यांचा त्रिकोणी पतंग. नागपुरात शिकणाऱ्याला मीही आता हेच सांगेन.

काड्यांबद्दल तुम्ही जितकं बोललात तितकं दुसऱ्या कशाबद्दलच बोलला नसाल. कार्बनच्या काड्या हलक्या आणि ताठ. त्यामुळे हाताची हालचाल लगेच पंखापर्यंत पोचते, पण नाकावर आदळल्या की तडा जातो. फायबरग्लास वजनाला जड, पण वाकतो आणि परत सरळ होतो, नवशिक्याचे धक्के खातो. तुमच्या मते चपळपणा हवा असेल तर कार्बन घ्यावा, पण मग सुटी काडी बदलून मिळेल असाच पतंग घ्यावा. खालची आडवी काडी सर्वात आधी जाते, म्हणून ती एक जास्तीची बॅगेत असावी. मी तसंच केलं. कापडाची परीक्षाही तुम्ही बोटाने दाखवलीत. ताणलेल्या पंखावर टिचकी मारली की टणक आवाज यायला हवा, कापड कुठं झोळ खात असेल तर पतंग आळशी होतो. आणि पंखाच्या मागच्या कडेत शिवलेली ती बारीक दोरी! ती किंचित ताणली की फर्रर्र आवाज कमी होतो, सैल केली की वाढतो. मला आवाज आवडतो म्हणून माझी तुम्ही सैल ठेवलीत.

दोऱ्यांच्या दिवशी मात्र तुमचा खरा हात दिसला. पतंग घरी आला, त्याच्यासोबत पंचवीस मीटरच्या दोन दोऱ्या आल्या, आणि मला वाटत होतं आता फक्त बांधायचं आणि उडवायचं. तुम्ही पिशवीतून एक लांब खिळा काढलात. तो मैदानात ठोकून दोन्ही दोऱ्यांची टोकं त्यात अडकवलीत आणि दुसऱ्या टोकांना मला उभं केलंत. दोन्ही सारख्या ताणल्या तेव्हा एक दुसरीपेक्षा बोटभर लांब निघाली. "हे असंच उडवलं असतं तर पतंग सारखा एका बाजूला पळाला असता, न् तू म्हटली असती पतंगच खराब हाय." मग टोकाची गाठ सोडून तुम्ही ती पुन्हा बांधलीत, पुन्हा ताणलीत, पुन्हा पाहिलीत. उन्हात, चष्मा कपाळावर ढकलून, गाठ डोळ्यांजवळ धरून. या दोऱ्या पॉलिथिलीनच्या विशेष धाग्याच्या, आपल्या सद्दीपेक्षा, म्हणजे साध्या सुती दोऱ्यापेक्षा, कितीतरी मजबूत आणि ताणल्या तरी जवळजवळ न लांबणाऱ्या. म्हणून हाताचा इशारा उशीर न होता पतंगाकडे जातो. शिवाय त्या इतक्या गुळगुळीत की पतंगाने गोल फेऱ्या मारून त्यांना पीळ पडला तरी एकमेकींवरून सरकत राहतात. पीळ उलट्या फेऱ्या मारून सोडवायचा, हेही तिथंच शिकले.

कन्नी, म्हणजे उडवायची दोरी जिथं जोडतात तो पतंगाला बांधलेला दोरा, मला ओळखीची होती. पण इथं तिची गाठ नाकाकडे अर्धा सेंटिमीटर सरकवली की पतंग हलक्या वाऱ्यात लवकर उठतो, आणि वारा वाढला की खाली घ्यायची, हे हात लावल्यावरच समजलं. तुम्ही पेनाने तिथं बारीक खूण करून दिलीत. ती अजून आहे.

उडवणं शिकवताना तुम्ही फार बोलला नाहीत, आणि त्याबद्दलही आभार. वाऱ्याकडे पाठ, कोपरं अंगाशी, हात कमरेपाशी. हात वर-खाली नाचवायचे नाहीत, एक ओढायचा, एक सोडायचा. दोन्ही सारखे धरले की पतंग सरळ जातो. समोर मधोमध ओढ सर्वात जास्त, दोन्ही कडांना आणि डोक्यावर ती संपत जाते. उतरवायचा असेल तर कडेला न्यायचा, जमिनीजवळ आणायचा आणि दोन पावलं त्याच्याकडे चालायचं, मग तो आपणहून बसतो. नाक जमिनीकडे आलंच तर ओढायचं नाही, हात पुढं टाकून पुढं धावायचं. चक्री धरणाऱ्या मुलीचा हात आपसूक मागे खेचतो, तो पुढं टाकायला शिकणं सर्वात कठीण गेलं. तेव्हा तुम्ही माझ्या मनगटांना मागून अलगद धक्का देत होतात. आणि माझ्या भावांचं "ढील दे, ढील दे" इथंही उपयोगी आहे, हे सांगितलंत तेव्हा मला फार बरं वाटलं. पुढच्या सगळ्या कसरती, पतंग पाठीवर गिरकी घेतो त्या, दोऱ्या क्षणभर ढिल्या सोडल्याशिवाय होत नाहीत.

दोऱ्या गुंडाळताना तुम्ही सांगता त्या गोष्टी तर मी घरी जाऊन मुलांना सांगते. दुसऱ्या महायुद्धात पॉल गार्बर यांनी अमेरिकी नौदलासाठी दोन दोऱ्यांनी वळवता येणारा पतंग तयार केला, त्यावर विमानाचं चित्र असायचं आणि तोफचींना नेमबाजीच्या सरावासाठी तो उडवायचे. मग 1972 मध्ये इंग्लंडच्या पीटर पॉवेल यांचा लांब पोकळ शेपटीचा पतंग आला आणि हा खेळ घराघरांत गेला.

एका गोष्टीसाठी मात्र मला तुमचे वेगळे आभार मानायचे आहेत. संक्रांतीच्या दिवसांत तुम्ही पतंग बाहेर काढत नाही. काचेचा मांजा आपल्या दोऱ्या कापेल हे एक कारण, पण तुमच्या मनात दुसरंच असतं. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी दर जानेवारीत आपल्या शहरात कुणाचा तरी गळा चिरतो, पक्षी झाडांवर लटकतात. संक्रांत उलटल्यावर तुम्ही आधी मैदान पालथं घालता, गवतात अडकलेला मांजा काठीला गुंडाळत गोळा करता, आणि काठी भरली की मगच बॅग उघडता. आता मीही तुमच्यासोबत करते. बगळ्याच्या पायातला एक तुकडा तुम्ही नखाने, तो पक्षी छातीशी धरून, किती वेळ सोडवत होतात. मी फक्त पाण्याची बाटली धरून उभी होते.

ताणलेली आपली दोरीही बोट कापू शकते, म्हणून मागे-पुढे कुणी चालत असेल तर आधी पतंग खाली घ्यायचा. विजेच्या तारा असतील तिथं उडवायचा नाही, कारण कार्बनमधून वीज जाते. ढग गडगडले की लगेच आवरायचं. हे तुम्ही पहिल्याच दिवशी, पट्टे हातात देण्याआधी म्हणवून घेतलंत. आता शेजारची मुलं "ताई, पेच लावता का?" विचारत येतात, तेव्हा मी त्यांनाही आधी तेच म्हणायला लावते आणि मग पट्टे त्यांच्या हाती देते. मुलींना आधी देते.

काका, तुमचा तो छोटा, वेगवान पतंग अजून माझ्या मनात आहे. पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेचा वारा सुरू झाला की उडवायला देईन, असं तुम्ही म्हणाला होतात. माझे हात आता तयार आहेत, हे तुम्हीच मागच्या रविवारी म्हणालात. तेव्हा जूनच्या पहिल्या कोरड्या दिवशी, डहाळ्या हलायला लागल्या की मला फोन करा. खिळा आणि जास्तीची काडी मी आणते, काकूंनी चहा मात्र थर्मासमध्ये द्यावा.

तुमची,
रेशीमबागेतली चक्रीवाली